आयटीआयच्या सरांना कोण शिकवतं? वर्धा, कोनी आणि आपलं नागपूर

पोस्ट लांब आहे. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा. घरात, शेजारात, नात्यात एखादं पोरगं आयटीआयला असेल तर नक्कीच वाचा.

७ मे २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं आयटीआय सुधारण्याची एक मोठी योजना मंजूर केली. आकडा ६० हजार कोटींचा. त्यात ३० हजार कोटी केंद्राचे, २० हजार कोटी राज्यांचे आणि १० हजार कोटी उद्योगांचे. देशातल्या १००० सरकारी आयटीआय यातून सुधारायच्या आहेत. एवढा मोठा आकडा आला की आपण त्याच्यावरच बोलतो. नवीन इमारत येईल, नवीन मशीन येईल, रोबोट येईल वगैरे.

त्याच निर्णयात आणखी एक ओळ आहे. ५० हजार प्रशिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं. म्हणजे शिकवणाऱ्यांना शिकवायचं. आजची पोस्ट त्या एका ओळीबद्दल आहे. कारण हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. गेल्या शंभर वर्षांत तो आपल्याच दारात पुन्हा पुन्हा येऊन उभा राहिला, आणि दर वेळी त्याचं अर्धं उत्तर देऊन आपण पुढं गेलो. मी इतिहासाच्या नादी लागलेला माणूस आहे, म्हणून ही गोष्ट जरा मागून सुरू करतो.

पण आधी प्रश्न काय आहे तो नीट पाहू.

फिटर ट्रेडला नवीन आलेल्या मुलाला सुरुवातीला लोखंडी पट्टी वाइसमध्ये धरून कानसीनं घासायला देतात. पट्टी सपाट झाली पाहिजे, बस. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात नवख्या मुलाच्या पट्टीचा मधला भाग उंच राहतो आणि कडा खाली उतरतात. कारण कानस पुढं नेताना त्याचा हात झोका खातो. तीस वर्षं काम केलेल्या मिस्त्रीला विचारा, तो म्हणेल, "हात सरळ ठेव ना बे." मुलगा म्हणतो, सरळच तर ठेवलाय! आता अडलं कुठं?

खरी गोष्ट अशी की, घासणं सुरू करताना पुढच्या हाताचा दाब जास्त हवा, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा हवा, आणि शेवटाकडं मुठीवरच्या हाताचा वाढत जायला हवा. मिस्त्रीचा हात हे रोज हजारदा करतो. पण आपला हात हे करतो, हे त्याला शब्दांत सांगता येईलच असं नाही. उलट डिप्लोमा झालेल्या एखाद्या तरुण सरांना हे फळ्यावर बाणांसकट काढून दाखवता येतं, पण त्यांनी स्वतः घासलेली पट्टी गुण्याला लावून बघितली तर खालून उजेड दिसतो.

म्हणजे धंदा येणं ही एक विद्या आणि धंदा शिकवता येणं ही दुसरी. आयटीआयच्या सरांना, सरकारी भाषेत "शिल्प निदेशकां"ना, या दोन्ही लागतात. शिवाय धंदा दर दहा वर्षांनी बदलतो, म्हणून तिसरी गोष्टही लागते. स्वतः शिकत राहायला वेळ आणि जागा. या तीन गोष्टी एका माणसात कशा आणायच्या, हाच तो जुना प्रश्न.

*

नागपुरात हा प्रश्न गिरणीच्या भोंग्याबरोबर आला असं मला वाटतं.

त्याआधी कोष्ट्याचं पोरगं घरातच, बापाच्या शेजारी मागावर बसून शिकायचं. वेगळा शिक्षक, वेगळी शाळा, वेगळा तास काही नव्हतं. चुकलं की लगेच कळायचं, कारण कापड घरचं आणि नुकसानही घरचं. १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिचे पहिले व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेतून आलेले, कापडाच्या धंद्यातले नव्हेत. त्यांनी तो धंदा मिलमध्येच शिकून घेतला. १८८३च्या सुमारास तिथं रिंग स्पिंडलचे प्रयोग सुरू झाले. हे यंत्र तेव्हा इतकं नवं होतं की इंग्लंडच्या गिरण्याही त्याच्याबद्दल साशंक होत्या. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीच नागपुरात अशी यंत्रं उभी राहत होती, जी बापानं पोराला शिकवणं शक्यच नव्हतं.

मग शिकवलं कोणी? जॉबरनं. गिरण्यांच्या त्या काळात जॉबर हाच सगळं होता. माणूस भरती करणारा तोच, कामावर नजर ठेवणारा तोच आणि नवख्याला काम दाखवणाराही तोच. बदलीत आलेला पोरगा कोणा नातेवाइकाशेजारी उभा राहून बघत बघत शिकायचा. जॉबर चांगला असला तर चांगलं शिकायचा. नाहीतर दस्तुरी द्यायचा आणि तसाच राहायचा. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ला अहवाल देणाऱ्या रॉयल कमिशन ऑन लेबरनं देशभरच्या या जॉबर पद्धतीवर कडक टीका केली आहे. रेल्वेत गोष्ट जरा बरी होती. मोतीबागेसारख्या वर्कशॉपमधून शिकाऊ पोरं वर्षानुवर्षं हाताखाली ठेवून तयार व्हायची. पण तिथंही शिकवणारा म्हणजे जुना कामगार. त्याला शिकवायला कोणी शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या टोकाला शाळा होती. आपलं सदरचं शासकीय तंत्रनिकेतन १९१४ सालचं. तिथून ओव्हरसियर आणि पुढं डिप्लोमाधारक निघाले. त्यांना शास्त्र यायचं. एका बाजूला हात, दुसऱ्या बाजूला पुस्तक, आणि मधे रिकामी जागा. ती भरायचा पहिला मोठा विचार झाला तो आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्यात.

*

१९३७ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी इंग्लंडच्या शिक्षण खात्यातले दोन अनुभवी अधिकारी, ॲबट आणि वूड, यांनी भारतातल्या व्यवसाय शिक्षणावर सरकारला अहवाल दिला. पुढं देशात पॉलिटेक्निकची जी रांग उभी राहिली तिच्या मागं हा अहवाल आहे. आणि त्याच वर्षी २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून नई तालीम निघाली. आपल्या मध्य प्रांताचे तेव्हाचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल होते. परिषदेनं डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, कुमारप्पा, आर्यनायकम्, आशादेवी ही मंडळी त्यात होती. २ डिसेंबर १९३७ला अहवाल तयार! आजच्या समित्यांनी हा वेग बघून घ्यावा.

नई तालीम म्हटलं की आपल्याला टकळी आणि चरखा आठवतो. पण त्या अहवालाचा जीव टकळीत नाही, शिक्षकात आहे. कल्पना अशी की मूल एखादा उद्योग शिकेल आणि त्या उद्योगाच्या अंगानंच गणित, भूगोल, विज्ञान शिकेल. याला "समवाय" म्हणायचे. सूत किती तार निघालं यातून हिशेब, कापूस कुठून आला यातून भूगोल, पेळू का तुटला यातून विज्ञान. आता विचार करा, हे करणारा शिक्षक कसा लागेल? त्याला स्वतःला कातता आलं पाहिजे, विषय आला पाहिजे आणि पोराच्या डोक्यात काय चाललंय हेही कळलं पाहिजे.

समितीला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम आणि तातडीची सोय म्हणून एक वर्षाचा छोटा अभ्यासक्रम अशी मांडणी तिनं केली. इतकंच नाही, एक धोकाही दाखवून ठेवला. शिक्षक तयार नसेल तर तो शिकवणं बाजूला ठेवून मुलांकडून जास्तीत जास्त माल काढून घेण्याच्या मागं लागेल, असा त्या इशाऱ्याचा अर्थ. ज्यांनी आयटीआयच्या किंवा अप्रेंटिसशिपच्या नावाखाली वर्षभर एकच नट पिळला आहे, त्यांना हा इशारा आजही कळेल.

१९३८च्या एप्रिलमध्ये वर्ध्याला विद्यामंदिर योजनेचं शिक्षक प्रशिक्षण विद्यालय गांधीजींच्या हस्ते सुरू झालं. हिंदुस्तानी तालीमी संघही त्याच सुमारास स्थापन झाला आणि सेवाग्रामला आर्यनायकम् आणि आशादेवींनी शिक्षक घडवण्याचं काम हाती घेतलं. म्हणजे हाताच्या कामाचा शिक्षक पद्धतशीर तयार करण्याचा देशातला एक पहिला मोठा प्रयत्न आपल्या वर्धा जिल्ह्यात झाला. पुण्या-मुंबईत नाही, दिल्लीत नाही.

पुढं काय झालं? १९३९च्या अखेरीस काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. योजनेच्या मागचा सरकारी हात गेला. १९४२ला कार्यकर्ते तुरुंगात गेले. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शिक्षण देशभर पसरलं खरं, पण शाळांची संख्या ज्या वेगानं वाढली त्या वेगानं असे शिक्षक तयार झाले नाहीत. तीन वर्षांचा शिक्षक मागं राहिला आणि घाईच्या वर्गांतून आलेला शिक्षक पुढं आला. समवाय गेला, टकळी उरली. आधी सूतकताईचा तास, मग हस्तव्यवसाय, मग कार्यानुभव. आमच्या पिढीनं कार्यानुभवाच्या तासाला काय केलं हे मी सांगायची गरज नाही. बहुतेक जण मैदानात होतो.

योजना वाईट होती म्हणून ती बुडाली असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. तिचा सगळा भार शिक्षकावर होता आणि नेमकी तीच बाजू आपण काटकसरीत बसवली.

*

दुसरी पाळी युद्धामुळं आली.

दुसऱ्या महायुद्धात सैन्याला आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांना फिटर, टर्नर, वेल्डर हजारोंनी हवे होते, आणि तेही काही महिन्यांत. १९४० पासून सरकारनं तांत्रिक प्रशिक्षणाची केंद्रं उघडली. ब्रिटनचे कामगारमंत्री बेव्हिन यांच्या नावानं ओळखल्या गेलेल्या योजनेत इथले तरुण कामगार इंग्लंडला शिकायलाही गेले. युद्ध संपलं तसे लाखो सैनिक घरी यायला निघाले. त्यांना कामधंद्याला लावण्यासाठी जुलै १९४५मध्ये पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय उभं राहिलं. दोन वर्षांत फाळणी झाली आणि विस्थापितांचे लोंढे आले. आपलं जरीपटका त्याच लोंढ्यातून वसलं, हे नागपूरकरांना सांगायला नको. मग सैनिकांसाठीचं प्रशिक्षण विस्थापितांनाही खुलं झालं. १९५०मध्ये ते सगळ्यांसाठीची "क्राफ्ट्समन ट्रेनिंग स्कीम" झालं. आज आपण ज्याला आयटीआय म्हणतो ती हीच.

इथं एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मुलांसाठीची योजना १९५०ची, पण शिकवणाऱ्यांना शिकवणारी पहिली केंद्रीय संस्था त्याच्या दोन वर्षं आधीची, १९४८ची. आधी सर, मग विद्यार्थी! क्रम बरोबर होता. आणि ही संस्था कुठं होती? बिलासपूरजवळ कोनीला.

आता नकाशा डोळ्यापुढं आणा. १९४८ला बिलासपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं, आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. म्हणजे देशातली निदेशकांची पहिली प्रशिक्षण संस्था नागपूरच्याच प्रांतात, हावड्याच्या गाडीनं सव्वाचारशे किलोमीटरच्या आत होती. १९३७चं वर्धा आणि १९४८चं कोनी, दोन्ही आपलेच. एकात गांधीजींचा चरखा, दुसऱ्यात युद्धातून आलेला लेथ. विचार एकमेकांच्या उलट टोकाचे. तरी दोघांनाही पहिली गरज एकच दिसली की आधी शिकवणारा तयार करा.

निदेशकाला नेमकं शिकवायचं काय, हेही तोवर जगात बऱ्यापैकी पक्कं झालं होतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जहाजबांधणीच्या गोद्यांमध्ये नवख्या माणसांना झटपट शिकवायची वेळ आली. तेव्हा चार्ल्स ॲलन नावाच्या माणसानं चार पायऱ्यांची रीत बसवली आणि १९१९ला त्यावर पुस्तक लिहिलं. आधी शिकणाऱ्याची तयारी करा, मग काम करून दाखवा, मग त्याच्याकडून करवून घ्या, शेवटी तपासा. आपल्यातले डीएड-बीएड झालेले लोक लगेच म्हणतील, अरे, ही तर हर्बार्टच्या पंचपदीची बहीण! बरोबर. शाळेच्या वर्गातली रीत वर्कशॉपमध्ये आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं तीच रीत कारखान्यांतल्या लाखो मुकादमांना शिकवली, आणि युद्धानंतर ती जपानला गेली. तिचं सूत्र असं की मुलाला आलं नाही तर त्याचा अर्थ सरांनी शिकवलं नाही.

आजही आयटीआयच्या निदेशकांसाठी जो एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, सीआयटीएस, त्यात या चार पायऱ्या आहेत. पाठाचं टाचण काढणं, प्रात्यक्षिक कसं द्यायचं, एका कामाचे बारीक टप्पे कसे पाडायचे, जॉब शीट आणि ऑपरेशन शीट कशी लिहायची, सोबत्यांपुढं पाठ घेऊन त्यांच्याकडून चुका काढून घ्यायच्या. वर सांगितलेला कानसीचा दाब शब्दांत सांगता यायला लागतो तो इथं.

*

आता १ नोव्हेंबर १९५६. विदर्भातल्या माणसाला ही तारीख वेगळ्या कारणानं माहीत असते. त्या दिवशी राज्य पुनर्रचना झाली, नागपूरचं राजधानीपण गेलं आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. बिलासपूर आणि कोनी नव्या मध्य प्रदेशात गेलं, पुढं २०००मध्ये छत्तीसगडमध्ये.

पण त्याच तारखेला दुसरीही एक गोष्ट झाली. शिवा राव समितीच्या शिफारशीवरून आयटीआयचा रोजचा कारभार केंद्रानं राज्यांकडं सोपवला. अभ्यासक्रम, परीक्षा, दर्जा हे केंद्राकडं आणि संस्था चालवणं राज्याकडं. आणि निदेशकांचं प्रशिक्षण? ते राहिलं मुख्यतः केंद्राकडं.

माझ्या मते आजच्या अडचणीचं मूळ इथं आहे. मूल राज्याचं, सर राज्याचे, पण सरांना शिकवण्याची जागा केंद्राची. १९६०च्या दशकात मुंबई, हावडा, मद्रास, कानपूर, लुधियाना, हैदराबाद इथल्या केंद्रीय संस्था कामाला लागल्या. आपल्या वाट्याची मुंबईची, आता तिला राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था म्हणतात. चांगली संस्था, यात वाद नाही. पण भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या आयटीआयमधल्या निदेशकाला वर्षभर मुंबईला पाठवायचं म्हणजे काय? घर सोडून राहायचं हा एक भाग. दुसरा भाग असा की त्या वर्षी त्याच्या तुकडीला शिकवणार कोण? राज्यानं त्याच्या जागी माणूस द्यायला हवा. माणूस नसला की प्राचार्य म्हणतो, पुढच्या वर्षी जा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यात प्राचार्य दोषी नाही आणि निदेशकही नाही. वीस-चोवीस पोरं वर्कशॉपमध्ये बिनमाणसाची कोण सोडेल?

अशानं "आधी सर, मग विद्यार्थी" हा कोनीचा क्रम उलटा झाला. आधी तुकडी, मग नेमणूक, आणि जमलं तर नंतर प्रशिक्षण.

*

आता आजचं बघू.

कागदावर नियम उत्तम आहेत. अनेक ट्रेडच्या केंद्रीय अभ्यासक्रमात लिहिलेलं असतं की दोन निदेशकांपैकी एक पदवी किंवा डिप्लोमावाला हवा आणि दुसरा आयटीआय किंवा अप्रेंटिसशिप करून आलेला हवा, आणि दोघांकडंही निदेशकाचं प्रमाणपत्र हवं. मला हा नियम फार आवडतो. एक पुस्तकाकडून येतो, एक हाताकडून, आणि शिकवण्याची कला दोघांना सारखी. वर्ध्याच्या समितीनं जे एका माणसात मागितलं होतं ते इथं दोघांत वाटून दिलं आहे. व्यवहाराला धरून आहे.

पण हा नियम चालायला दोन माणसं तर हवीत! आपल्या राज्यात सरकारी आयटीआय चारशेहून जास्त आहेत. २०२२मध्ये राज्यानं शिल्प निदेशकांच्या १४५७ पदांची जाहिरात काढली, यावरून किती जागा भरायच्या राहिल्या होत्या ते समजून घ्या. मधल्या काळात काम चालतं ते तासिका तत्त्वावर. तासाप्रमाणं पैसे घेणारा तरुण मुलगा मन लावून शिकवतो, मी असे कितीतरी पाहिले आहेत. पण पुढच्या वर्षी आपण इथं असू की नाही हे ज्याला माहीत नाही, त्यानं स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या वेळात नवीन मशीन शिकून यावं ही अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची?

आणि शिकण्यासारखं तर रोज नवीन येतंय. श्रद्धानंद पेठेतल्या आपल्या सरकारी आयटीआयचंच उदाहरण घ्या. मिहानमध्ये विमानाचे भाग बनू लागले, तेव्हा दसॉ या फ्रेंच कंपनीच्या सहकार्यानं इथं एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर हा ट्रेड सुरू झाला. विमानाच्या पत्र्यावर रिव्हेट मारणं आणि लोखंडी पट्टी घासणं, दोन्ही फिटरचीच कामं, पण जग वेगळं. एक छिद्र किंचित तिरपं गेलं तर अख्खा भाग बाद. असा ट्रेड उघडायचा तर पहिली कसोटी निदेशकाची लागते, मुलांची नंतर. कंपनीची गरज होती म्हणून तिथं सहकार्य मिळालं. पण इलेक्ट्रिक गाड्या, सोलर, सीएनसी, ड्रोन हे सगळं उमरेडच्या, काटोलच्या, रामटेकच्या आयटीआयमध्येही यायचं आहे. तिथल्या निदेशकाचा हात धरायला कोणती कंपनी येणार?

मशीन येतं, पुजा होते, नारळ फुटतो, फोटो निघतो. मशीनबरोबर कंपनीचा माणूस दोन दिवस येऊन दाखवून जातो. सहा महिन्यांनी काही बिघडलं की मशीनवर कापड पडतं. कुठल्याही जिल्ह्यातल्या जुन्या निदेशकाशी चहावर बोला, कापडाखालच्या एखाद्या तरी मशीनची गोष्ट तो सांगेल.

आता पुन्हा २०२५च्या योजनेकडं या. ५० हजार प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आणि राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रांसाठी पाच संस्था निवडल्या आहेत: भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियाना. महाराष्ट्रातली एकही नाही. मुंबईचीसुद्धा नाही. नागपूरला सगळ्यात जवळची हैदराबाद, पाचशे किलोमीटर. ज्या भूमीत वर्ध्याचं शिक्षक विद्यालय झालं, ज्या प्रांतात निदेशकांची पहिली संस्था झाली, तिथला निदेशक आता तेलंगणात जाऊन शिकणार. मला यात प्रादेशिक अस्मितेचं रडगाणं गायचं नाही. हैदराबादला चांगलं शिकवलं जात असेल तर आनंदच आहे. प्रश्न पोचण्याचा आहे. १९५६ पासून आपलं गाडं तिथंच तर अडलंय.

*

काही जण म्हणतील, प्रमाणपत्रानं कोणी शिक्षक होतो का? रास्त आहे. नुसता कागद आणायचा म्हणून केलेला सीआयटीएस म्हणजे समवायाशिवायची टकळी. म्हणून माझं म्हणणं फक्त "सगळ्यांना कोर्स करायला लावा" एवढं नाही. मला चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

एक, जागा कायम स्वरूपात भरा. ज्याची नोकरी पक्की नाही त्याच्या प्रशिक्षणावर खर्च करायला सरकारही कचरतं आणि तोही. बाकी सगळं याच्यानंतर.

दोन, नागपुरात निदेशक प्रशिक्षणाची पूर्ण ताकदीची सोय हवी. इथं प्रादेशिक कार्यालय आहे, मोठी आयटीआय आहे, शंभर वर्षं ओलांडलेलं तंत्रनिकेतन आहे, रेल्वे आहे, बुटीबोरी आणि हिंगण्याचे कारखाने आहेत, मिहान आहे. जागा आणि माणसं दोन्ही आहेत. योजनेत राज्यांचा वाटा २० हजार कोटींचा आहे, तेव्हा राज्यानं आपल्या हिश्शातून हे मागावं आणि करावं.

तीन, प्रशिक्षणाला गेलेल्या निदेशकाच्या जागी बदली माणूस देण्यासाठी राखीव पदं ठेवा. गिरणीत बदली कामगार असायचे ना, तसे. हा छोटा बदल झाला तर निम्मी अडचण सुटते.

चार, प्रत्येक निदेशकानं दर वर्षी काही आठवडे कारखान्यात काढावेत, आणि ती रजा नव्हे तर ड्यूटी धरावी. तिथून परत आल्यावर त्यानं आपल्या सोबत्यांपुढं एक पाठ घ्यावा. बस, एवढंच. कोनीच्या काळापासून जी रीत माहीत आहे ती दर वर्षी पाळायची.

आपण सामान्य लोकांनी काय करायचं? प्रवेशाच्या वेळी आपण प्लेसमेंट विचारतो, फी विचारतो, होस्टेल विचारतो. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा. या ट्रेडला कायम निदेशक किती आहेत? त्यांच्यापैकी निदेशकाचं प्रशिक्षण झालेले किती? आणि गेल्या दोन वर्षांत ते स्वतः कुठं काय शिकून आले? हे प्रश्न सरांचा अपमान करायला विचारायचे नाहीत, आदरानं विचारायचे. उलट चांगल्या निदेशकाला हे प्रश्न ऐकून बरं वाटेल, कारण त्याच्या मनातही ते वर्षानुवर्षं आहेत आणि त्याच्या वतीनं वर विचारणारा कोणी नाही. संस्था व्यवस्थापन समितीत जे उद्योजक बसतात, त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. आमदारांनी अधिवेशनात घ्यावा. हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरतं, म्हणजे आयटीआय बघायला त्यांना फार लांब जावं लागणार नाही.

तुमच्यापैकी जे आयटीआयमधून शिकले, त्यांना एक विनंती. ज्या सरांनी तुमचा हात धरून काम शिकवलं, त्यांनी ते कसं शिकवलं, काय युक्ती केली, कोणत्या चुकीवर काय बोलले, ते खाली लिहा. नाव नाही लिहिलं तरी चालेल, रीत लिहा. आणि जे स्वतः निदेशक आहेत त्यांनी लिहावं की तुम्हाला शेवटचं प्रशिक्षण कधी मिळालं आणि आज काय शिकायचं आहे. ती यादी मी नीट करून प्रादेशिक कार्यालयाकडं आणि आपल्या लोकप्रतिनिधींकडं पाठवीन. योजनेचे पैसे मंजूर झालेले आहेत. मागणी आत्ता लिहून गेली तरच ती ५० हजारांच्या ओळीत बसेल.